बिफनीचं गायरान

बिफनी महतोने पहिला पाहुणा जंगलात नेला, तेव्हा नेपाळच्या तराईतलं आमचं अख्खं सिमलटारी गाव राप्ती नदीच्या काठावर जमून हसत होतं. हत्ती नाही, बंदूक नाही. पुढे हातात बांबूची काठी घेतलेली एक अनवाणी बाई आणि तिच्यामागे गळ्यात दुर्बीण अडकवलेला, उन्हाने लालबुंद झालेला एक जपानी मास्तर. तिचा नवरा चुल्हाई डोंग्यात उभा होता. माणसं नदीच्या या काठावरून त्या काठावर सोडायची, हाच त्याचा धंदा.

काठावरून कुणीतरी ओरडलं, "चुल्हाई, बायकोला नुसती सोडून येतोस, की परत आणायचा विचार आहे?"

"परत तीच मला आणते," चुल्हाई म्हणाला. "मी आपलं वल्हं मारतो."

बिफनीने मागे वळूनही पाहिलं नाही. हसणाऱ्यांपैकी निम्म्यांना गवताच्या हंगामात हीच बाई पुढे लागायची. वर्षातून पंधरा दिवस, माघात, पलीकडचं राखीव जंगल गवत कापायला उघडायचं. तेव्हा कुठल्या झुडपामागे अस्वल असेल आणि कुठे गेंड्याने ताजी लीद टाकली आहे, हे तिला विचारल्याशिवाय कुणी विळा चालवत नसे.

हे तिला तिच्या बापाने दिलं होतं. रूपलाल हत्तीसारात, सरकारी हत्तीखान्यात, फनीत होता, म्हणजे हत्तीच्या मानेवर बसणारा मुख्य माहूत. त्याला मुलगा नव्हता, त्यामुळे हत्तीसाठी गवतात भात-गूळ बांधून पुड्या करायचं काम बिफनीकडे आलं आणि पुड्यांबरोबर जंगलही आलं. रूपलाल सांगायचा, "पोरी, जंगलात आधी नाक, मग कान. डोळे शेवटी. आणि गेंडा म्हणजे कसा, त्याला दिसतं कमी, पण अपमान लगेच होतो."

तर तो जपानी मास्तर, त्याचं नाव ओकाबे. त्या वेळी नदीपलीकडे जंगलात एक बडं हॉटेल होतं. पाहुणे विमानाने यायचे, हत्तीवर बसायचे आणि विमानानेच परत जायचे. आमची घरं त्यांनी पाहिली असतील ती वरून. ओकाबेला ते हॉटेल परवडणारं नव्हतं. तो सायकलवर आला, बिफनीच्या ओसरीवर निजला, तिच्या हातची सुक्या मासळीची चटणी डोळ्यांतून पाणी काढत खाल्ली आणि तिसऱ्या दिवशी हातवारे करून म्हणाला, की मला पक्षी बघायचेत. हत्तीवरून नाही. चालत.

"चालत?" चुल्हाई म्हणाला. "मरेल तो."

"मरेल कशाला?" बिफनी म्हणाली. "आपण नाही का चालत?"

दुपारपर्यंत त्यांनी धनेश पाहिले, मोर पाहिले, आणि उंच गवतातून बाहेर पडताना वीस पावलांवर गेंडा पाहिला. वारा फिरला. गेंड्याने मान वर केली, फुर्रर्र केलं आणि आला. बिफनीने मास्तराला सावरीच्या वाकड्या झाडाकडे ढकललं आणि स्वतः डोक्यावरचा फडका काढून एका बाजूला फेकून, तिरकी धावत दुसऱ्या बाजूला गेली. गेंडा फडक्यावर थांबला. हुंगला, तुडवला, पुन्हा तुडवला आणि जिंकल्यासारखा निघून गेला. मास्तर झाडावर होता. चढला कसा, ते त्यालाही सांगता येईना.

संध्याकाळी काठावर पुन्हा सगळे जमलेले. मास्तराची विजार गुडघ्यापासून फाटलेली, बिफनीचं डोकं उघडं. लोकांना वाटलं, संपलं हिचं खूळ. मास्तर डोंग्यातून उतरला, बिफनीपुढे कमरेत वाकला आणि विचारलं, "उद्या किती वाजता?"

त्याने गावी जाऊन आपल्या मित्रांना लिहिलं. पुढच्या हिवाळ्यात सातजण आले, त्यानंतर अठरा. बिफनीची ओसरी पुरेना, म्हणून तिने शेजारच्या चार घरांत पाहुणे घातले. नियम एकच. घरात जे शिजेल ते पाहुण्याने खायचं आणि घरातले बसतात तिथे बसायचं. एका घरच्या सुनेने पाहुण्यांसाठी म्हणून पावाची लादी आणून ठेवली, तर बिफनीने ती हत्तीसारातल्या हत्तीला घातली. पायी जंगल दाखवायची चाल आमच्या काठाला तिच्यापासून पडली. नंतर पुष्कळ पुरुष वाटाडे झाले. पण पहिली चार वर्षं हे काम एकटी बिफनी करत होती, आणि जे तिला हसले त्यांनाच पुढे तिने शिकवलं.

आता तिच्या जेठाची गोष्ट सांगायला हवी. जेठ म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ, भदई महतो. आमच्यात धाकट्या भावाच्या बायकोने जेठापुढे डोकं झाकायचं, त्याच्याशी बोलायचं नाही, त्याचं नाव घ्यायचं नाही आणि त्याला स्पर्श तर नाहीच नाही. त्यानेही तेच पाळायचं. बिफनीने हे सगळं पाळलं. फक्त, भदईशी तिचं पटत नव्हतं आणि गप्प बसणं तिला जमत नव्हतं. त्यामुळे ते दोघं भांडायचे, पण मध्ये काहीतरी धरून. कधी खांब, कधी मांजर, कधी चुल्हाई.

भांडण गायरानावरून पेटलं. गाव आणि नदी यांच्यामध्ये दोनशे बिघे गायरान होतं. नावाला गायरान, गवताची काडी नाही, नुसती खुरांनी कुटलेली माती. अर्धी गुरं भदईची, बेचाळीस. पावसाळ्यात नदी तिथून आत शिरायची, आणि उन्हाळ्यात धूळ थेट आमच्या भातात पडायची. सरपणासाठी बायका पहाटे निघून चोरून पलीकडच्या जंगलात जायच्या आणि पकडल्या गेल्या की रडत परत यायच्या.

गावच्या बैठकीत बिफनी मागच्या रांगेत, पदर नाकापर्यंत ओढून बसली आणि मांडवाच्या खांबाला म्हणाली, "खांबा, त्यांना सांग, गायरान बंद करायचं. गुरं घरी बांधायची, गवत कापून घालायचं. आणि तिथे झाडं लावायची. शिसव, खैर, सावर, जांभूळ."

भदईने त्याच खांबाकडे बघून उत्तर दिलं, "खांबा, तिला सांग, माझ्या बापाची गुरं तिथे चरली. तिला पाहुण्यांना दाखवायला बाग हवी असेल, तर तिने अंगणात झेंडू लावावा."

"झेंडूने चूल पेटते का, विचार त्यांना. जाऊबाई सरपणाला पहाटे किती वाजता उठतात, तेही विचार. माहीत असेल तर सांगतील."

बायका हसल्या. भदईची बायको सनिचरी सगळ्यांत मोठ्याने हसली आणि मग तोंडावर हात ठेवून बसली.

त्यानंतरचा महिनाभर बिफनी घरोघर फिरली. पुरुषांना तिने काही विचारलंच नाही. प्रत्येक घरी मागच्या दाराने आत जाऊन ती बाईला एवढंच विचारायची, "आजचं लाकूड कुठून आणलंस?" पुढच्या बैठकीला सत्तर बायका आल्या. पुरुषांनी मान डोलावली. त्यांची अटकळ अशी, की रोपं एका उन्हाळ्यात मरतील आणि विषय संपेल.

रोपं उन्हाळ्याने मेली नाहीत. भदईच्या गुरांनी खाल्ली. एका सकाळी शिसवाच्या तीन ओळी भुईसपाट झालेल्या दिसल्या. बिफनीने वीस-बावीस बायका बोलावल्या, बेचाळीसच्या बेचाळीस गुरं वळवली आणि आपल्या वाड्यात आणून कोंडली.

भदई गल्लीच्या तोंडाशी येऊन आभाळाला विचारू लागला, "गावात काही कायदा आहे की नाही? दिवसाढवळ्या चोरी!"

बिफनीने आतून सगळ्यांत मोठ्या बैलाला सांगितलं, "बैलोबा, तुझ्या मालकाला सांग, चोर दूध परत पाठवत नाहीत."

आणि खरंच, दोन दिवस बायकांनी आळीपाळीने गवत कापून आणलं, गुरांना जागेवर घातलं, सकाळ-संध्याकाळ धारा काढल्या आणि दुधाच्या कासंड्या सनिचरीच्या दारात नेऊन ठेवल्या. शेणाचा ढीग भदईच्या मोहरीच्या शेतात नेऊन टाकला. तिसऱ्या दिवशी गुरं सोडली, प्रत्येकाच्या पाठीवर गवताचा एक भारा बांधून.

त्या दिवशी सनिचरीने नवऱ्याला जे ऐकवलं ते शेजारच्या तीन घरांनी ऐकलं. "दोन दिवस बसून खाल्लं तर दूध वाढलं. तुम्ही रोज त्यांना चरायला नेता, की पायी काठमांडूला?"

भदई महिनाभर हट्टाने गुरं सोडत राहिला. मग वीस भाकड गाई त्याने पहाडातल्या एका व्यापाऱ्याला विकल्या आणि दोन चांगल्या म्हशी आणून गोठ्यात बांधल्या. बिफनीचं खरं होतं असं तो कधी म्हणाला नाही. कापलेल्या गवताचा पहिला वाटा मात्र भांडून घेऊ लागला.

जंगल मग आपल्या गतीने उठलं. पहिली तीन वर्षं गवत, पाचव्या वर्षी डोक्याइतकं उंच शिसव, सातव्या वर्षी चितळ. नवव्या वर्षीच्या भाद्रपदात एक गेंड्याची मादी नदी पोहून आली, सोबत पिल्लू, आणि परत गेलीच नाही. बिफनीने घरोघर साखर वाटली. आता पाहुण्यांना नदी ओलांडायचीही गरज उरली नाही. बारा घरं आळीपाळीने पाहुणे घेऊ लागली. दूरदूरच्या गावांतून लोक विचारायला येऊ लागले, की हे तुम्ही केलंत कसं. बिफनी त्यांना ओसरीवर बसवून, भाताची दारू पुढे ठेवून सांगायची आणि शेवटी म्हणायची, "आधी बायकांना विचारा." तिच्या चालण्यात थोडा तोरा आला होता. चुल्हाई म्हणायचा, "गेंडे हिने घरी उबवले असं वाटतं हिला."

कार्तिकातल्या एका सकाळी, धुकं उठायच्या आत, बिफनी दोन फ्रेंच बहिणींना घेऊन निघाली होती. दोघी सत्तरीच्या आसपास, काटक, पाण्याचे पत्र्याचे डबे कमरेला लटकवलेल्या. ओढ्यापाशी बिफनी थबकली. नाकाला ओली लीद लागली आणि तेवढ्यात पुढे विळ्याचा खसखस आवाज. गवत कापायच्या दिवशी नव्हे, ठरल्या वेळी नव्हे, एकटा कुणीतरी. धुक्यातून पाठ दिसली. तो भदई होता. आणि त्याच्या डाव्या हाताला, पंधरा पावलांवर, पिल्लू उभं होतं.

मादी कुठून आली ते दिसलंच नाही.

"भदई महतो!" बिफनी ओरडली. "तिरके पळा! झाडाकडे! भदई महतो!"

पस्तीस वर्षांत तिने त्याला उद्देशून उच्चारलेले हे पहिले शब्द. भदई नंतर सांगायचा, की गेंड्याला पाहून मी हललो असतो. पण भावाच्या बायकोच्या तोंडून माझं नाव ऐकलं आणि पाय जमिनीलाच चिकटले. तो वळला, दोन पावलं गेला आणि मादीने त्याला मांडीत धरलं. आमचा गेंडा शिंगाने मारत नाही, दाताने फाडतो.

बिफनी धावत सुटली. फडका फेकला, काठी झाडाच्या बुंध्यावर मारत, घसा फोडून किंचाळत. तिच्यामागे त्या दोन फ्रेंच म्हाताऱ्या, पत्र्याचे डबे एकमेकांवर आपटत, आपल्या भाषेत काय शिव्या देत होत्या कोण जाणे. मादी गोंधळली, पिल्लाकडे वळली आणि त्याला घेऊन गवतात शिरली. बिफनीने भदईला काखेत हात घालून ओढ्यापलीकडे ओढत नेलं आणि थोरल्या बहिणीने गळ्यातला रुमाल काढून त्याची मांडी आवळली.

गावातून बाज आली, माणसं आली. एका म्हाताऱ्याने तेवढ्यातही आठवण केली, "जेठाला शिवली ती. सोनं बुडवलेलं सोनपाणी शिंपडून शुद्ध करायला हवं दोघांना."

"आधी रक्त थांबू दे," सनिचरी त्याच्या अंगावर धावली. "सोनं मी नंतर बघते."

भदईचा मोठा मुलगा परसू रॉकेलचा डबा घेऊन आला. त्याच्यामागे तीस-चाळीस जण. "जाळा सगळं," तो म्हणत होता. "काकीचे गेंडे, काकीचे पाहुणे! माझा बाप काय तिच्या तमाशातलं सोंग आहे?"

बिफनी समोर उभी होती. हात भदईच्या रक्ताने कोपरापर्यंत माखलेले. परसू म्हणत होता ते खोटं कुठे होतं? तिने गायरान बंद केलं नसतं, तर तिथे गेंडा नसता.

तेवढ्यात बाजेवरून आवाज आला. क्षीण, पण भदईचाच. "परसू. डबा खाली ठेव."

"बाबा, तुम्ही बोलू नका."

"सहा म्हशी आहेत गोठ्यात. गवत जाळलंस तर त्यांना काय तुझा सदरा घालू? मी बरा होऊन येईन, मग काय ते बघू. तोवर काडी ओढायची नाही."

लोकांचा जोर ओसरला. काहीजण हसलेसुद्धा, भीतीचं हसणं असतं तसं. बाज उचलून ते भरतपूरच्या दवाखान्याच्या वाटेला लागले.

दवाखान्यात भदई पाच आठवडे होता. बिफनी रोज जायची, खोलीच्या दाराबाहेर डोकं झाकून बसायची आणि डबा सनिचरीच्या हाती द्यायची. दहाव्या की अकराव्या दिवशी सनिचरी पाणी आणायला गेलेली असताना आतून आवाज आला.

"नाव घेतलंस माझं."

बिफनीने इकडे तिकडे पाहिलं. मध्ये धरायला काही नव्हतं. "घेतलं."

"परत घेशील?"

"परत एकटे गवताला गेलात तर घेईन."

भदई म्हणाला, "पाय सरळ व्हायचा नाही म्हणतात. ते असू दे. पण एक सांगतो. गेंडा आला त्या दिवशी तू साखर वाटलीस. मीही खाल्ली. कुठून जायचं, कधी जायचं, काय करायचं हे तुझ्या पाहुण्यांना तू तासभर समजावतेस. आम्हाला कधी सांगितलंस?"

बिफनी त्या दिवशी भरतपूरहून चालत आली. बस होती, पण ती चढली नाही. रस्ताभर तिच्या मनात भदईला द्यायची उत्तरं येत होती. ठरलेली वेळ मोडली तुम्ही, एकटे गेलात तुम्ही. सगळी खरी होती. गावाच्या वेशीपाशी येईस्तोवर त्यांतलं एकही तिला बोलावंसं वाटेना.

बैठकीत ती खांबामागे बसली नाही. पुढे येऊन उभी राहिली. "परक्या माणसाला गेंडा कसा दाखवायचा, हे मी वीस वर्षं शिकवलं," ती म्हणाली. "शेजाऱ्याला गेंड्यापासून कसं राखायचं, ते शिकवलं नाही. ही चूक माझी. जंगल राहील. पण आधी गावाची वाट, मग पाहुण्यांची."

चार महिने तिने एकही पाहुणा घेतला नाही. त्या चार महिन्यांत सगळा गाव तिच्याबरोबर चालला. सासवा, सुना, म्हातारे, पाळण्यातलं मूल कडेवर घेतलेल्या आया. वारा कसा बघायचा, लीद कशी वाचायची, फडका कधी फेकायचा. शेताच्या बाजूने खंदक आणि तार झाली. गवत कापायला ऊन चढल्यावरच जायचं, आणि दहा जणांमागे दोघे झाडावर राखणीला, असं ठरलं. पाहुण्यांचे वाटाडे पाळीपाळीने ती राखण करू लागले. ज्याला ते कमीपणाचं वाटलं त्याची काठी बिफनीने काढून घेतली.

सगळं गोड झालं असं नाही. गेंडे अजूनही एखाद्या वर्षी तार मोडून मोहरी तुडवतात. परसूने काकीला माफ केलं नाही; तो भरतपूरला राहायला गेला आणि दसऱ्याला थोरांच्या हातून घ्यायचा टिळाही तिच्याकडून लावून घेत नाही. भदई मात्र काठी टेकत रोज जंगलाच्या तोंडाशी जाऊन बसू लागला. आत जाणाऱ्या पाहुण्यांना तो मांडीवरचा व्रण दाखवायचा आणि म्हणायचा, "ती पुढे चालली आहे ना, ती सांगेल तसं पळा. मी थांबलो होतो." बिफनीशी तो त्यानंतर सरळ बोलायचा. लोकांना सुरुवातीला विचित्र वाटलं. म्हातारे म्हणायचे, खांबाशी बोलायचे तेव्हा भांडणं निदान ऐकायला गोड वाटायची.

भदई गेला त्याला आता चार वर्षं झाली. चुल्हाईचा डोंगा दुसऱ्याच्या हाती गेला. तो स्वतः ओसरीवर बसून जाळं विणतो. बिफनी अडुसष्ट वर्षांची आहे. गुडघा कुरकुरतो, पण थंडीत आठवड्यातून दोनदा पाहुण्यांच्या पुढे अजून तीच असते.

मागच्या चैत्रात सरकारची गेंडे मोजणारी माणसं आली. हत्तींची रांग, वह्या, कॅमेरे. तीन दिवस त्यांनी गायरान पिंजून काढलं; आम्ही अजून त्याला गायरानच म्हणतो. जाताना त्यांचा तरुण साहेब रीतीप्रमाणे बिफनीच्या अंगणात आला. ती ढिकीवर, पायाने दाबायच्या लाकडी उखळावर, भात कांडत होती.

"दिदी, तुमच्या जंगलात चौदा भरले," तो कौतुकाने म्हणाला.

"पंधरा," बिफनी म्हणाली. पाय थांबला नाही.

"आम्ही तीन दिवस मोजलं, दिदी. हत्तीवरून."

"म्हणूनच चुकलात. कानतुटीला शुक्रवारी पिल्लू झालंय. ओढ्याच्या वरच्या वळणावर, जांभळीखाली. हत्तीवरून गवताचे शेंडे दिसतात, पिल्लू नाही दिसत."

साहेबाने वही उघडली, मिटली. "तुम्ही पाहिलंत?"

"पाहिलं नाही. तिची लीद पाहिली, दूध सांडलेलं पाहिलं, अन् छोट्या खुरांची पावलं पाहिली. तिच्या जवळ कशाला जाऊ? बाळंतीण आहे ती."

ओसरीवरून चुल्हाई म्हणाला, "साहेब, लिहून टाका. उगाच उन्हात परत जाल, अन् मग पंधराच लिहाल."

साहेब हसला. पण माणूस कामाचा होता. आपल्या दोन माणसांना घेऊन पायीच ओढ्याकडे निघाला. बिफनीने ढिकीवरून उतरून त्याच्या पायांकडे पाहिलं, मग त्याच्या तांबड्या टोपीकडे. "ती टोपी इथे ठेवा," ती म्हणाली. "वारा तुमच्या तोंडावर आला पाहिजे, पाठीवर नाही. आणि जांभळीच्या अलीकडेच थांबायचं."

टोपी ओसरीच्या खुंटीला लावून तो गेला, आणि बिफनी पुन्हा ढिकीवर चढली.